व्हॉल्व्हच्या पलीकडचा बर्फ

माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. 'सकाळच्या पाळीत आपण एक तास पन्नास मिनिटे टाकीच्या मॅनहोलमध्ये बसून कामात अडथळा का आणला?' खाली साहेबांची वळणदार सही. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. बसले, कारण नुसतं उभं राहून ते भोक अडवता येत नाही. एवढंच लिहून द्यायचं होतं, पण आमचे हे म्हणाले, जरा सविस्तर लिही, नाहीतर त्यांना कळायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमच्या कारखान्यात कोळशापासून गॅस होतो. भट्टीतून निघतो तेव्हा त्यात गंधकाचा विषारी वायू मिसळलेला असतो. तो काढायला आम्ही गॅसला आंघोळ घालतो. पाण्याने नाही, मेथनॉलने, आणि तेही उणे चाळीस अंशांपर्यंत गार केलेल्या. एवढं गार कशाला? सोड्याची बाटली आठवा. थंड असेतो तिच्यातला वायू गुमान बसून असतो, आणि उन्हात ठेवली की फसफसून बाहेर येतो. आमचं मेथनॉल तसंच. थंड असताना विष पोटात घेऊन वाहतं, ऊब लागली की ओकून टाकतं. ते विष आधी कुजक्या अंड्यांसारखं घाण मारतं आणि जास्त झालं की माणसाचं नाकच मारून टाकतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि चार श्वासांत आडवा पडतो. सव्वीस वर्षं मी या आंघोळीवर आहे, त्यातली अकरा पाळीप्रमुख म्हणून.

इतक्या थंड पाइपावर बाहेरून बर्फ धरतो. म्हणून सगळे पाइप जाड वेष्टनात गुंडाळलेले असतात. पण त्या आठवड्यात एका टाकीतला गाळ काढायचा होता. माणूस आत उतरणार, म्हणून टाकीकडे जाणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि तपासणीसाठी त्याच्या दोन्ही बाजूंचं वेष्टन उतरवलं होतं. व्हॉल्व्ह खरंच बंद असेल तर अलीकडे बर्फ दिसेल आणि पलीकडे, टाकीच्या बाजूला, पाइप कोरडा राहील. यात समजायला अवघड असं काही नाही. मी दोन दिवस बघत होते, पलीकडेही बर्फ होता. चांगला बोटभर जाड. याचा अर्थ मेथनॉल झिरपून टाकीत जात होतं. दोन्ही दिवस मी पाळीच्या वहीत लिहिलं: व्हॉल्व्ह धरत नाही, पाइपाच्या जोडात पोलादी पत्रा घालून वाट बंद करा आणि मगच माणूस आत सोडा. पत्रा घालायला अर्धा दिवस लागतो. वही कुणी उघडलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले तर व्हॉल्व्ह लखलखीत. अलीकडे कोरडा, पलीकडेही कोरडा. हात लावला तर कोमट! क्षणभर मलाच वाटलं, मी दोन दिवस काय स्वप्नात बघत होते का. मग खाली पाणी साचलेलं दिसलं आणि शेजारी वाफेचा पाइप गुंडाळून ठेवलेला दिसला.

आमच्या साहेबांना आम्ही आपसात चकाचक साहेब म्हणतो. त्यांना सगळं चकाचक लागतं. सकाळी नऊ वाजता कारखाना बघायला पाहुणे येणार होते आणि साहेबांनी आदल्या दिवशी हुकूम सोडला होता की कुठेही पांढरे डाग दिसता कामा नयेत. ठेकेदाराच्या माणसांनी पहाटे वाफ मारून सगळा बर्फ उतरवला. त्यांचा काय दोष, त्यांना तो डागच वाटला. पण साहेब शिकलेले आहेत. त्यांना तो डाग वाटावा?

टाकीपाशी ठेकेदार आत उतरायच्या परमिटचा कागद घेऊन उभा होता आणि शेजारी पट्टा बांधून बारक्या.

बारक्या माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चौथीत होता. सतराचा पाढा मी त्याला धपाटे घालून शिकवला आणि अजूनही त्याला तो येत नाही. आता चौतिशीचा गडी झालाय, एका मुलीचा बाप. ठेकेदाराकडे टाक्या साफ करतो. माझ्याच कारखान्यात माझाच दीर, म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

"मॅडम, इथं सही," ठेकेदार म्हणाला.

"नाही करणार. व्हॉल्व्ह गळतोय."

"अहो, बघा ना, कोरडा ठणठणीत आहे. गॅसचा मीटरही शून्य दाखवतोय."

"मीटर तोंडाशी धरलात. तळाला गाळात काय मुरलंय ते त्याला काय माहीत? आणि तो कोरडा नाही, तुम्ही शेकलाय त्याला. मला दोन तास द्या. व्हॉल्व्ह चांगला असेल तर बर्फ धरणार नाही, मी हसत सही करीन."

ठेकेदाराने साहेबांना बोलावलं. ते आले, व्हॉल्व्हवर रुमाल फिरवला, रुमाल बघितला आणि म्हणाले, "बाई, पाहुण्यांसमोर मला टाकी उघडी नकोय. नऊच्या आत बंद झाली पाहिजे. दोन तास कुठून आणू?"

"मग उद्या करा."

"तुम्हाला सही करायची नसेल तर राहू द्या, मी करतो. अडतंय काय तुमच्या सहीवाचून?"

आणि केली. उभ्याउभ्या, ठेकेदाराच्या पाठीवर कागद ठेवून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "बरोबर आहे. इथं माझी सही लागत नाही. संध्याकाळी दवाखान्यातून याला ताब्यात घेताना मात्र घरच्यांची सही लागेल. तीही तुम्हीच करा."

साहेब लालबुंद झाले, पण बारक्याकडे बघून एवढंच म्हणाले, "चल, उतर."

बारक्या निघालाही. मॅनहोल टाकीच्या पोटाला, गुडघ्याच्या उंचीवर. त्याने पट्टा ओढून बघितला आणि वाकला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि त्या गोल भोकात बूड टेकवून बसले. तोंड साहेबांकडे, छातीवर माझा मीटर. देवाने देह देताना हात आखडता घेतलेला नाही. मॅनहोल बऱ्यापैकी भरलं.

"हा काय पोरकटपणा!" साहेब ओरडले.

"दोन तास," मी म्हणाले.

त्यांनी रखवालदाराला बोलावलं. रखवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, बाईमाणसाला हात कसा लावू, आणि लांब जाऊन उभा राहिला. साहेब फोनवर बोलत येरझाऱ्या घालू लागले. ठेकेदाराने बारक्याला कोपऱ्यात नेऊन काहीतरी दम भरला. मग बारक्या माझ्यापुढे येऊन उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं.

"वहिनी, ऊठ. हसं करतेयस माझं."

"होऊ दे."

"माझा गेटपास काढून घेतील. दुसरीकडे काम देईल का कुणी मला? मी काय आज उतरतोय पहिल्यांदा? शंभर टाक्या केल्यात."

"या टाकीत नाही उतरायचं."

"तुझी नोकरी पक्की आहे, तुला काय होतंय! मी घरी काय सांगू, वहिनी मॅनहोलमध्ये बसली म्हणून काम गेलं?"

हे मला लागलं. कारण खरं होतं. माझ्या बसण्याची किंमत तोच भरणार होता आणि मी चुकले असते तर मला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. लोखंडाची कड मांड्यांत रुतत होती. पाठीमागे टाकीचा अंधार होता. व्हॉल्व्ह दहा पावलांवर, आणि त्याच्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तास गेला. मलाही शंका येऊ लागली. म्हातारपणी नजर गेली की काय आपली? बारक्या माझ्याकडे पाठ करून उभा होता.

दीड तासाने अलीकडच्या बाजूला बर्फ धरला. तो धरणारच होता. "बघा, पलीकडे नाही!" ठेकेदार म्हणाला. मी व्हॉल्व्हवरची नजर काढली नाही.

आणि मग पलीकडचा पाइप धुरकट झाला. आधी श्वास टाकलेल्या आरशासारखा, मग खालून एक पांढरी रेघ, मग रेघेची पट्टी. बारक्या हळूहळू पाइपापाशी गेला. त्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग तो मॅनहोलकडे बघत राहिला, मी बसले होते तिकडे, पण माझ्याकडे नाही. माझ्या मागे.

साहेबांनीही पाहिलं. एवढा वेळ मी धरून बसले होते की आता तरी हा माणूस खाली मान घालील. साहेब म्हणाले, "काम उद्या बघू. आधी हे पुसून काढा, पाहुणे आत आलेत."

पुसून काढा! ठेकेदाराने घाईघाईने वाफेचा पाइप उचलून बारक्याच्या हातात दिला. बारक्याने तो घेतला, जमिनीवर ठेवला आणि व्हॉल्व्हच्या बाजूला उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा, व्हॉल्व्ह मोकळा सोडून.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याला कामातलं कळत असावं. तो थेट व्हॉल्व्हपाशी थांबला. "हा पलीकडे कसा काय बर्फ?"

साहेब पुढे सरसावले. "आमची सुरक्षा यंत्रणा, सर. जराशी शंका आली की आम्ही काम तिथल्या तिथे थांबवतो."

"यंत्रणा नाही," बारक्या म्हणाला. "वहिनी. त्या तिकडे बसल्यात त्या. साहेबांनी मला उतर म्हणून सांगितलं होतं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला गेले तर पाय सुन्न झालेले, पटकन उठताही येईना. साहेब हसत होते, पण हसायचं कसं ते विसरल्यासारखे.

संध्याकाळी बारक्याचा गेटपास काढून घेतला. मी त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. वाटेत म्हणाले, कशाला तोंड उघडलंस, मी निस्तरलं असतं. फाटकावर रखवालदाराने रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "कायमचं जाण्याचं कारण काय लिहू?"

"लिहा," बारक्या म्हणाला, "आपल्या पायांनी चालत गेला."