ठिणगी महाराजांचा गालिचा

डोणगावाजवळच्या एका शाळेची संगणक खोली त्या दुपारी गच्च भरली होती. खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेला. मधोमध नायलॉनच्या गालिच्यावर, संगणक का बिघडतात ते सांगायला बोलावलेले ठिणगी महाराज लोकरीची शाल अंगावर घासत, मोज्यांतले पाय फरफटत घुमत होते. घुमता घुमता त्यांनी पुढ्यात बसलेल्या गावच्या कारभारी पाटलांच्या नाकाला बोट लावलं. चट्! निळी ठिणगी उडाली आणि लोकांनी हात जोडले.

"ये ब्रह्मांड की बिजली है, बच्चा! मशीन की देवी रूठ गयी. किसी के हाथ को बाधा है!"

सगळ्यांच्या नजरा जयमालाकडे वळल्या. ती या खोलीची कंत्राटी सहायिका. जानेवारीची कोरडी थंडी पडल्यापासून तिनं हात लावला की चटका बसायचा, आणि तीन संगणकांची मेमरीची पट्टी तर बसवताना तिच्या हातातच जळून गेली होती. परवा शिपाई दयारामनं जडशीळ यूपीएस उचलला, त्याची कंबर धरली, तेही तिच्याच माथी मारलं. महाराजांनी आज तिचं नाव घेतलं की संध्याकाळी नोकरी संपली, असं मुख्याध्यापक शरच्चंद्र देशपांडे यांनी आधीच सुनावलं होतं. जयमालाच्या अंगाचा तिळपापड होत होता. रडायचं ते तिनं कालच उरकलं होतं.

ती उठली आणि खिडकीची चादर तिनं ओढून काढली.

"महाराज, आधी हा लोखंडी गज धरा, अन् मंग मले शक्ती द्या."

"शक्ति को लोहा वर्ज्य है!"

"काऊन? ब्रह्मांडाची बिजली गजाले भेते का?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. कंबरेला पट्टा बांधलेला दयाराम म्हणाला, "धरा ना बुवा. आमीबी पाहू."

महाराजांनी नाइलाजानं खिडकीपाशी येऊन बोट पुढे केलं. चट्! ठिणगी गजावर उडाली आणि ब्रह्मांडाचे मालक "आई गं!" म्हणून कळवळले. जयमालानंही गजाला हात लावून घेतला आणि नाक पुढे केलं. महाराजांनी बोट टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. नाक जागच्या जागी, ठिणगीचा पत्ता नाही.

मग जयमाला स्वतः मोज्यांनी गालिच्यावर चार फेऱ्या घासत फिरली आणि तिनं पाटलांच्या कानाला बोट लावलं. चट्!

"पाटील, मीबी महाराज झाली का?"

पाटील कान चोळत बसले. जयमालाचा आवाज चढला. "ही घासल्यानं अंगात साठते ती स्थिर वीज आहे. संगणक खोली म्हणजे देऊळ म्हणून चपला बाहेर काढायला लावल्या तुम्ही, वर हा नायलॉनचा गालिचा टाकला. आपल्याले नुसता चटका बसते, मेमरी मात्र जळते. अन् दयारामभाऊ, तुम्ही पाय ताठ ठेवून कंबरेतून वाकले. गुडघ्यात वाकून, वजन पोटाशी धरून उचला. जड असलं तर दुसऱ्याले बोलवा. त्यात कोणाचा हात नाही."

तिनं गालिचा गुंडाळला, संगणकाचा प्लग काढला, एक हात गजावर ठेवून नवी मेमरी कडांनी धरली आणि बसवली. प्लग लावला. पडदा उजळला. तोवर महाराज मागच्या दारानं पसार झाले होते, शालही विसरून.

"हे आधी सांगायचं ना, जयमालाबाई," शरच्चंद्र सर पुटपुटले.

"आधी वाचायचं ना, सर."

तिनं संगणकांसोबत आलेली पुस्तिका टेबलावर आपटली. खंडेनवमीला हळदकुंकू वाहून ती कपाटात ठेवली होती. जयमालानंही तेव्हा हात जोडले होते, पण आज सकाळी किल्ली मागून तिनं ती पहिल्यांदा उघडली. मनगटाला बांधून अंगातली वीज जमिनीत सोडायचा पट्टाही पुस्तिकेच्याच पिशवीत तसाच बंद होता.

यंत्राला कुंकू लावून ते खूश होत नाही, आणि बाईला बाधा ठरवून ते दुरुस्तही होत नाही. चटका बसला की दोषी कोण, हे विचारण्याआधी तो का बसला हे विचारा.

"वाचा," जयमाला म्हणाली. "मोठ्यानं वाचा. ज्यांच्यासमोर महाराज माझं नाव घेणार होते, ते सगळे अजून बसून आहेत."

सरांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.