बुडालेली थुंकी

"हा हुकूम ज्यानं काढला, त्याच्या वाड्यात कुणी खोकत नाही वाटतं." कार्मोसीनानं डॉक्टरच्या हातातला मिठाच्या पाण्याचा पेला ओढून घेतला. दुसऱ्या हातात तान्ही पोर अंगावर पीत होती. "त्याची गादी चौकात जळताना नाही बघितली आम्ही अजून."

"मला का ऐकवतेस?" डॉक्टर फिलिबेर्तो नाकाला व्हिनेगरचा रुमाल लावून खिडकीपाशीच थांबला होता. "क्षयाचा रोगी लपवला तर मलाच नेपल्सबाहेर हाकलतील. नवऱ्याची थुंकी आण यात. तरंगली तर साधा खोकला. बुडाली तर फुप्फुस सडलंय."

सडलं असेल तर पुढचं गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. माणूस इस्पितळात, तिथून कुणी परत येत नसे. अंथरूण, कपडे, पाळणा आगीत. भिंतींचा गिलावा खरवडून टाकायचा. हुकमातला हा म्हणे रोगावरचा इलाज.

पेला घेऊन ती पडद्याआड गेली. तिथं तिचा नवरा अनिएल्लो बसला होता. खाणीत दगड फोडून फोडून त्याची छाती भात्यासारखी वाजत होती. तिनं पेला त्याच्यापुढे धरलाच नाही. तोंड फिरवून स्वतः खाकरली आणि त्यात थुंकली.

"अगं, हे काय..." तो कुजबुजला.

"गप बस. मला नुसतं पडसं आहे."

तिनं बाहेर येऊन दिलेला पेला डॉक्टरनं उजेडात धरला. थुंकी जराशी वर रेंगाळली. मग तिचा एक धागा सुटला आणि सगळा गोळा सावकाश तळाला जाऊन बसला.

"वाईट आहे, बाई. संध्याकाळी डोलीवाले येतील त्याला न्यायला."

कार्मोसीनाचा चेहरा उतरला. पोरीला तिनं छातीपासून थोडं दूर धरलं.

"डॉक्टरसाहेब, ही थुंकी..."

"माझी आहे." अनिएल्लो पडदा सारून बाहेर आला. खोकल्याची उबळ आली, ती त्यानं दाबली नाही. "दगडच खाल्लेत जन्मभर, दुसरं काय निघणार? न्या मला."

पोर पुन्हा दुधासाठी चाचपडू लागली होती. अनिएल्लो तिच्याकडे बघत राहिला. मग दारात जाऊन डॉक्टरची वाट अडवून उभा राहिला.

"तेवढं एक सांगा. समजा आईचंच फुप्फुस सडलेलं असलं, तर तिचं दूध पिणाऱ्या पोरीचं काय होतं?"

फिलिबेर्तोनं रुमाल खाली घेतला. त्याची नजर हळूहळू कार्मोसीनाकडे वळली.

"तिच्याकडे नका बघू," अनिएल्लो म्हणाला. "मी विचारतोय. मला सांगा."