सात नंबरच्या काठीचा नवा दांडा

मित्रांनो, मी गोल्फच्या खेळातली एक जुनी काठी आहे. आधाराला घेतात तसली नव्हे, चेंडू मारायची. माझ्या पोलादी डोक्याच्या तळाशी सातचा आकडा कोरलेला आहे, म्हणून सगळे मला ‘सात नंबर’ म्हणतात. माझ्या डोक्यावर ओरखडे पुष्कळ आहेत, पण ते मी लपवत नाही. प्रत्येक ओरखडा म्हणजे कुठला तरी दगड आणि कुणाची तरी चूक.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद पोलादावर घणाचे घाव पडले, तोंड घासून सपाट झाले, त्यावर बारीक रेघा ओढल्या गेल्या. मग मानेत गोंद भरून मला दांडा बसवला. हा दांडा म्हणजे आमचा कणा. दिसायला ताठ, पण चेंडू मारताना तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. कुणाचा कडक असतो, कुणाचा मध्यम, कुणाचा मऊ. जो काठी झपकन फिरवतो त्याला कडक मानवतो, जो सावकाश फिरवतो त्याला मऊ. माझ्या वाट्याला कडक दांडा आला आणि मला त्याचा भारी तोरा होता.

माझ्या बहिणींसह मला विकत घेतले ते गुरांच्या एका डॉक्टरांनी. अडलेल्या गाईचे वासरू ओढून बाहेर काढणारे ते हात! दुकानात त्यांनी मला एकदाच फिरवले आणि म्हणाले, “कडकच द्या. मऊबिऊ आपल्याला जमायचं नाही.” ते खरेही होते. त्यांनी मारलेला चेंडू तळ्यावरून असा जायचा की बघणाऱ्यांच्या माना दुखाव्यात. “काय हात आहे डॉक्टरांचा!” असे लोक म्हणायचे आणि त्यातले अर्धे कौतुक मी गुपचूप स्वतःच्या खिशात टाकायची.

वर्षे गेली. डॉक्टरांनी स्वतःसाठी नव्या काठ्या आणल्या, अर्थात कडक दांड्याच्याच, आणि आम्हा जुन्यांना त्यांच्या बायकोच्या हवाली केले. ती शाळेत मुलांना पोहायला शिकवायची. सगळे तिला ‘पोहण्याच्या बाई’ म्हणायचे. तिचे खांदे मजबूत होते, नजर तीक्ष्ण होती, आणि रविवारची सकाळ नवऱ्याबरोबर घालवायची तिला मनापासून हौस होती. पण माझ्याशी तिचे काही जमेना. मी तिच्या हातात वाकायचीच नाही. चेंडू बुटका उडायचा, उजवीकडे झाडीत शिरायचा आणि तिच्या तळहाताला झिणझिण्या यायच्या.

“ताकद कमी पडते गं तुझी,” डॉक्टर दर वेळी सांगायचे. “येईल हळूहळू.”

ती हूं म्हणायची आणि पुन्हा मारायची. हळूहळू येणारे ते काही आलेच नाही. एका रविवारी तिने मला पिशवीत ठेवले, हातमोजा काढून त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, “अहो, पुढच्या वेळेपासून तुम्ही एकटेच जात जा. मला नाही हा खेळ जमत.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. आठवडाभर दोघांची कामे दोन टोकांना असत. निवांत बोलणे व्हायचे ते फक्त त्या हिरवळीवर. घराशी त्यांनी गाडी थांबवली. मग एकदम म्हणाले, “एकदा दुकानात जाऊ. तुझ्या हाताला साजेल असा नवा संच बघू. तरी नाही जमलं, तर सोड.”

ताडून बघायला म्हणून मलाही नेले. दुकानाच्या मागच्या खोलीत जाळी टांगलेली होती आणि चेंडूचा वेग दाखवणारा पडदा होता. दुकानदारीणबाई बडबडी होती. तिने बाईकडे पाहिले, डॉक्टरांकडे पाहिले आणि ती नि डॉक्टर एकमताने म्हणाले, “सगळ्यात मऊ!”

बाईने मऊ दांड्याची काठी फिरवली. चेंडू आकाशात चढल्यासारखा चढला आणि डावीकडे भरकटला. दुसराही तसाच, तिसरा त्याहून डावीकडे. बाईच्या डोळ्यांत पाणी तरळले. पिशवीतून ते मला दिसले, मित्रांनो, आणि पहिल्यांदाच मला माझ्या ताठपणाची लाज वाटली.

दुकानदारीण पडद्याजवळ जाऊन डोळे बारीक करून बघू लागली. “अहो, चुकलंच आपलं! तुमचा वेग चांगला आहे की. पोहून पोहून खांदे तयार झालेत. थांबा, मधला देते.”

मध्यम दांड्याची काठी फिरली. टक्क! असा गोड आवाज मी कैक दिवसांत ऐकला नव्हता. चेंडू सरळ गेला आणि जाळीच्या मधोमध आदळला. बाईने आधी हाताकडे पाहिले, मग काठीकडे. “झिणझिण्या नाही आल्या,” ती म्हणाली, जणू कुणी तिची थट्टा करत असावे.

तिचा संच बांधला जात होता, तेव्हा डॉक्टरांनी गंमत म्हणून ती मधली काठी उचलली आणि फिरवली. चेंडू बाणासारखा सुटला. गेली कितीतरी वर्षे कोपर दाबत खेळणाऱ्या त्या माणसाचा कोपर या वेळी कुरकुरला नाही. त्यांनी घाईघाईने काठी जागेवर ठेवली. “छे, लागला चुकून,” ते पुटपुटले. बाई खिडकीबाहेर बघत होती.

माझी रवानगी गाडी ठेवायच्या खोलीत झाली. कपाटाखाली गेलेला बूट ओढायचा, छपरावर अडकलेले बॅडमिंटनचे फूल पाडायचे, एवढेच माझे काम उरले. दांड्यावर गंज धरला. आता भंगारात जायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

पण एका दुपारी डॉक्टर एकटेच आले, मला फडक्यात गुंडाळले आणि त्याच दुकानात घेऊन गेले. “हिचं डोकं चांगलं आहे,” ते खाली बघत म्हणाले. “दांडा तेवढा बदलून द्या. तो… त्या दिवशीचा.”

दुकानदारीणबाईने गालातल्या गालात हसत मधला दांडा काढून ठेवला. तिने माझी मान तापवली. जुना गोंद वितळला आणि माझा तो लाडका ताठ दांडा निघून आला. जिवावर आले, खोटे कशाला सांगू? पण नवा दांडा बसला आणि मी हवेत सपकन फिरले, तेव्हा वाटले, अरे, वाकता येणे किती छान असते!

रविवारी तळ्याच्या अलीकडे डॉक्टरांनी हळूच मला बाहेर काढले आणि मारले. चेंडू तळे ओलांडून मऊ हिरवळीवर उतरला.

“आज कोपर दुखत नाही वाटतं?” बाईने विचारले.

डॉक्टर लालेलाल झाले. “दांडा बदलला हिचा. मधला टाकला.”

“मधलाच तुम्हाला मानवतो, हे मला दुकानातच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्या ताकदीबद्दल तुम्ही इतकी वर्षं बोललात,” ती हसून म्हणाली. “म्हटलं, तुमच्या ताकदीबद्दल तुम्हीच बोला.”

डॉक्टर असे खळखळून हसले की पाण्यावरचे बगळे उडाले. “चुकलं गं माझं,” ते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात माझ्या सगळ्या बहिणींनाही नवे दांडे मिळाले. आता दोघांचे चेंडू साधारण एकाच ठिकाणी पडतात, त्यामुळे तिथपर्यंत दोघे गप्पा मारत एकत्रच चालत जातात. कधी बाईचा चेंडू पुढे असतो, तेव्हा डॉक्टर ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात.

मित्रांनो, एखाद्याला एखादी गोष्ट जमली नाही, तर लगेच त्याच्या ताकदीला दोष देऊ नका. आधी त्याच्या हातात काय दिले आहे ते बघा. नवी काठी घ्याल तेव्हा शेजाऱ्याकडे बघून घेऊ नका, आपल्या जुन्या दिवसांकडे बघूनही घेऊ नका. आज आपला हात जसा चालतो, त्याला विचारून घ्या. आणि खेळून झाले की माझे तोंड ओल्या फडक्याने पुसून ठेवा. रेघांमध्ये माती वाळली, की मलाही नीट खेळता येत नाही.