तिसरी तालेआ

घटसर्पाने तालेआ गेली तेव्हा आयोवाची जमीन इतकी गोठलेली होती, की तिच्या बापाला, हार्मला, खड्डा खणायला दोन दिवस लागले. चार वर्षांची पोर. गेझिने, तिची आई, तेव्हा रडली नाही आणि नंतरही नाही. गाईंचं दूध काढायची, लोणी घुसळायची, कोणी विचारलं तर हो-नाही म्हणायची. सप्टेंबरात दुसरी मुलगी झाली, तेव्हाही तिला काही वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं मात्र कळत होतं.

रविवारी बाप्तिस्मा होता. नाव ठरलेलंच. थोरल्या मुलीला आजीचं नाव, आणि ती गेली तर तेच पुढचीला, ही रीत या घराण्याने जर्मनीहून पेटाऱ्यात घालून आणलेली. जणू नाव म्हणजे थोरलीचा कोट, धाकटीच्या अंगावर चढवायला. तीन आठवडे गेझिनेने बाळाला कसलीच हाक मारली नव्हती.

"आई, मला त्या नावाने हाक मारायला नाही जमायचं," शनिवारी ती सासूला म्हणाली.

"न जमायला काय झालं? माझ्या आईला जमलं. माझ्याआधीच्या दोन तालेआ गेल्या, मी तिसरी. रोज संध्याकाळी दारात उभी राहून हाक मारायची."

"मग?"

सासू कपातल्या खडीसाखरेवर चहा ओतत होती. "मग काय, मी धावत जायची. ती माझ्या खांद्यावरून मागे बघायची. मग मीही वळून बघायची, आणखी कोण येतंय म्हणून."

चहा बशीत सांडला, तरी ती ओततच राहिली.

"ठेवा तालेआ," गेझिने म्हणाली. तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बाळ आजीच्या हातात होतं. पाद्र्याने नाव विचारलं.

"हिल्का," म्हातारी म्हणाली.

पाद्र्याने वर बघितलं. हार्म खोकला. दोन्हीकडच्या घराण्यांत या नावाचं कोणी नव्हतं.

"हिल्का," म्हातारीने जरा दमात सांगितलं. "पाणी गार होतंय, आटपा."

दुपारी गेझिने कणीक मळत असताना पाळण्यातून रडणं ऐकू आलं.

"आले गं, हिल्का."

हात पुसायचेही राहिले. बाळाला छातीशी धरून ती खाली बसली आणि तालेआसाठी रडली.