मी तोललेले दोन खडे

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका, माझा कोणावरच नाही. तुम्ही जवळ येऊन नुसता श्वास सोडलात तरी माझी सुई हलते. बोटाचा तेलकट ठसा तुम्हाला दिसण्याआधी मला जाणवतो. म्हणून तर मला काचेच्या पेटीत ठेवतात आणि खोलीतला पंखा बंद करतात.

माझी दांडी पितळेची आहे. ती ज्या धारेवर डुलते, ती धार अकीक नावाच्या कठीण दगडाची आहे. माझ्या कारागिराने ती सतरा वेळा घासली. अठराव्यांदा का घासली नाही, हे मला अजून खटकते. मग मला भुशात गुंडाळून पेटीत घातले आणि वर मोठ्या अक्षरांत ‘नाजूक’ असे लिहिले. पेटी उतरवणाऱ्याने ते मोठ्याने वाचले आणि मगच पेटी आपटली.

मी आलो तो एका कारखान्यात. इथल्या खाणीतल्या कोळशात एक दुर्मीळ धातू असतो. तो दिसत नाही, चमकत नाही, नुसता असतो म्हणे. मला तर ही शुद्ध फसवणूक वाटली होती. पण कोळसा जाळून उडणारी राख पकडतात, ती आम्लात उकळतात, निघालेली वाफ थंड करतात आणि पुष्कळ खटाटोपानंतर करड्या रंगाचा चकचकीत तुकडा हाती येतो. टनभर कोळशामागे मूठभरही नाही. कोणत्या गाडीतला कोळसा कसा आहे, हे आधी माझ्या खोलीत तपासले जाते. चिमूटभर कोळसा मुशीत, म्हणजे चिनी मातीच्या छोट्या वाटीत जाळायचा आणि उरलेली राख मी तोलायची.

हे काम करणारे तपासनीस माझ्यापेक्षा संशयी होते. मूस थंड करायची, तोलायची, पुन्हा भट्टीत तापवायची, पुन्हा तोलायची. दोन वजने तंतोतंत जुळल्याशिवाय ते वहीला हात लावत नसत. कोळसावाला म्हणे, “साहेब, माल एक नंबर आहे.” ते म्हणत, “हो का?” आणि चिमटा उचलत. सत्तावीस वर्षे आमचे छान जमले. मोठे साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करून माझे कौतुक करत. ते कौतुकही मी दोनदा तपासून घेई.

मग तपासनिसांच्या पोटात दुखू लागले. त्यांच्या पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. डॉक्टरांनी पित्ताची पिशवी काढली आणि तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडाही ओढून काढला. दोन वर्षांनी नळीत पुन्हा खडा सापडला, तोही काढला. दोन्ही खडे त्यांनी बाटल्यांत भरून घरी आणले. डॉक्टरांनी बजावले होते की असे खडे पुन्हा होऊ शकतात, दर सहा महिन्यांनी दाखवायला या. तपासनिसांच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

“पुन्हा बिन्हा काही होत नाही,” ते मुशी तापवणाऱ्या भट्टीवाल्याला म्हणाले. “पहिल्याच वेळी अर्धा खडा आत ठेवला असणार. म्हणे सहा महिन्यांनी या! मी नाही जायचा.”

“साहेब, डॉक्टर कशाला ठेवतील?” भट्टीवाला म्हणाला.

“तेच तर शोधायचंय!”

ते खरेच गेले नाहीत. दीड वर्ष उलटले. एका सकाळी ते दोन्ही बाटल्या खिशात घालून आले. मी आनंदलो, कारण मलाही त्या डॉक्टरांचा संशय आला होता. दुसरा खडा पहिल्याचाच राहिलेला तुकडा असेल, तर दोन्हींची राख सारखी निघेल, असा त्यांचा हिशेब होता. कोळशाच्या माणसाला दुसरे काय सुचणार?

पहिला खडा फिकट, मेणासारखा होता. तो जळून जवळजवळ नाहीसा झाला, मुशीच्या तळाशी नावाला राख उरली. दुसरा तपकिरी, ठिसूळ होता. तेवढ्याच वजनामागे त्याची राख पहिल्याच्या कितीतरी पट भरली. त्यांनी मुशी पुन्हा तापवल्या आणि पुन्हा तोलल्या. माझी सुई तिथेच थांबली. खडे वेगळे होते. दुसरा खडा मागे राहिलेला नव्हता, तो नळीत नव्याने तयार झाला होता. डॉक्टर खरे बोलले होते.

तपासनिसांनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर ‘नादुरुस्त’ असे लिहिले आणि ती माझ्या काचेवर चिकटवली.

मित्रांनो, मला ते फार लागले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चोख वजन होते.

आठवड्याभराने, भर दुपारी त्यांची बायको कारखान्यात आली. ती शिवणकाम करते, गळ्यात मोजपट्टी तशीच होती. सकाळी हुडहुडी भरलेली असताना ते घरून निघून आले होते.

“अहो, घरी चला. डॉक्टरांकडे जाऊ.”

“त्या माणसाकडे? मला काही झालेलं नाही.”

“तीन महिन्यांत तुमची पँट तिसऱ्यांदा कमरेला आत घेतलीय मी.”

“तुझी मोजपट्टी सैल झाली असेल.”

ती चिडली नाही. तिने माझ्यावरची चिठ्ठी वाचली. “हाही बिघडला का? बरं. मग बाहेरचा गोणी तोलायचा काटा तर धड आहे ना? चला, उभे राहा त्याच्यावर.”

माझ्या खिडकीतून आवार दिसते. हमाल गोण्या बाजूला सारून मजा बघायला थांबले. तपासनीस काट्यावर चढले. भट्टीवाल्याने वाकून आकडा वाचला, “सत्तावन्न.”

“मागच्या खेपेला दवाखान्यात अडुसष्ट होतं,” बायको म्हणाली.

“हा काटाही खोटा आहे,” तपासनीस म्हणाले.

हमाल खो खो हसले. मग उन्हात तपासनिसांचे डोळे सगळ्यांना दिसले. पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. हसणे एकदम थांबले.

“अहो,” ती म्हणाली, “मी खोटी, पट्टी खोटी, डॉक्टर खोटे, सगळे काटे खोटे. मग खरं कोण, तुम्ही एकटे? मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?”

ते काट्यावरून उतरले आणि तिच्या मागून फाटकाबाहेर गेले. चार दशांश स्थळांपर्यंत राख तोलणाऱ्या या माणसाच्या अंगातून अकरा किलो निघून गेले होते. मीही दगडच म्हणायचा, रोज समोर बसूनही मला कळले नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

नळी पुन्हा तुंबली होती आणि आत पू झाला होता, असे भट्टीवाला सांगत होता. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होते.

पाच आठवड्यांनी ते परत आले. वाळलेले, पण डोळे स्वच्छ. आल्या आल्या त्यांनी नखाने माझ्यावरची चिठ्ठी खरवडून काढली, आणि त्याच दिवशी वजनमापवाल्यांना बोलावून मला तपासून घेतले. मी बिनचूक निघालो. जाताना त्या गृहस्थांनी माझ्या पेटीला लावलेल्या तक्त्यावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली, सहा महिन्यांनंतरची. ते गेल्यावर तपासनिसांनी पेन्सिल काढली, माझ्या तारखेखाली आणखी एक तारीख लिहिली आणि समोर लिहिले, ‘मी’.

मित्रांनो, शंका जरूर घ्या, पण तिच्या काट्यावर स्वतःलाही उभे करा. जो तुम्हाला पुन्हा दाखवायला बोलावतो, तो दर वेळी लबाडच असतो असे नाही. हे सांगणे मला जड जाते, पण वजन बरोबर आहे.

ती पेन्सिलीची तारीख उद्याची आहे. आज ते दिवसभर शीळ घालत काम करत होते आणि ‘जाऊ की’ असे भट्टीवाल्याला दोनदा म्हणाले. बोलण्यावर मी जात नाही. उद्या सकाळी माझ्यासमोरची खुर्ची रिकामी दिसली, तरच मी विश्वास ठेवीन.