न लावलेलं तिसरं रीळ

मी तिसरं रीळ बोलतोय. तिसरं आणि शेवटचं. पत्र्याच्या चपट्या गोल डब्यात गुंडाळून ठेवलेलं, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं. आम्हा तीन भावंडांचा मिळून एक जुना फ्रेंच सिनेमा होतो. गोष्ट अगदी साधी आहे. पॅरिसच्या गरीब वस्तीत एक बालवाडी, तिथे पोरांची तोंडं धुणारी, नाकं पुसणारी एक बाई, आणि तिच्या एप्रनला धरून दिवसभर तिच्यामागे फिरणारी एक पोर. पहिल्या रिळात दोघींची गट्टी जमते. दुसऱ्यात बाईला दूरगावी जावं लागतं आणि पोर फाटकाशी उभी राहते. माझ्यात बाई परत येते. एवढं ध्यानात ठेवा, कारण हे पाहिलेली माणसं फार थोडी.

माझं बहुतेक आयुष्य मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या फिल्म लायब्ररीत गेलं. मास्तर लोक आम्हाला वर्गात न्यायचे. दुसरं रीळ संपेपर्यंत तास संपायचा, आणि मास्तर म्हणायचे, राहिलेलं आता चर्चेतून बघू. झालं! मी आपला डब्यातच. माझ्या थोरल्या भावंडांच्या अंगावर ओरखडेच ओरखडे, माझ्यावर एक नाही. लायब्ररीत येणारे म्हणायचे, हे किती छान राहिलंय! अहो, छान कसलं? कुणी हातच लावला नाही, म्हणून छान.

या लायब्ररीच्या काउंटरवर मालिनी नावाची मुलगी बसायची. नागपूरहून पीएच.डी.ला आलेली. ब्याऐंशी सालच्या मार्चमध्ये, बाहेर बर्फाचा चिखल झालेला असताना, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावाहून सुलभा तिच्याकडे आली.

"मालिनी, तू मागे सांगितलेला तो सिनेमा मला हवाय गं. बाई परत येते, तो."

"तो तुम्हाला कशाला, सुलभाताई?"

सुलभा डेट्रॉइटमधल्या एका चर्चच्या तळघरातल्या बालवाडीत मदतनीस होती. मोटारींचे कारखाने धडाधड बंद पडत होते. पोरं सकाळी उपाशी यायची, बाप घरी बसलेले. काही बाप कामासाठी टेक्ससला गेले. पाच वर्षांच्या डॅनेटचा बाप त्यातलाच. तो गेला तो गेलाच, ना फोन ना पत्र. तेव्हापासून ती पोर सुलभाला क्षणभर सोडत नव्हती. वेणी घालायची तर सुलभानेच, दूध प्यायचं तर तिच्याच मांडीवर. आणि आता सुलभाच्या नवऱ्याची, दिगंबररावांचीही नोकरी गेली होती. नवीन मिळाली ती शुगर लँडला. म्हणजे पुन्हा टेक्सस!

"टेक्सस म्हटलं की कानांवर हात ठेवते गं ती," सुलभा म्हणाली. "मी उन्हाळ्यात भेटायला येणार, नक्की येणार. पण तिला पटतच नाही. गेलेलं माणूस परत येतं हे तिनं कधी पाहिलेलंच नाही. एकदा डोळ्यांनी बघेल तर पटेल."

हे ऐकलं आणि मी डब्यात हरखून गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला मी हवा होतो. मीच, तिसरा!

प्रोजेक्टर तिथल्या मराठी मंडळाचा होता, तो चालवणारा विनयही मंडळाचाच. म्हणून सुलभाने मंडळाच्या महिन्याच्या कार्यक्रमातच सिनेमा ठेवायला सांगितलं. नोव्हायच्या एका शाळेचं कॅफेटेरिया संध्याकाळपर्यंत भाड्याने घेतलेलं. डॅनेटला तिच्या आईने चांगला फ्रॉक घालून पाठवलं होतं. ती सुलभाच्या मांडीवर जी बसली, ती उठेचना.

आता मंडळ म्हटलं की तुम्हाला सांगायला नको. दुपारच्या कार्यक्रमाला लोक सावकाश, गप्पा मारत, मुलांचे कोट काढत जमले. त्यात सुलभाचा निरोप समारंभ! अध्यक्ष नंदूकाका "दोनच शब्द बोलतो" म्हणून उभे राहिले आणि बसायचं विसरले. शाल झाली, नारळ झाला. मग सरलाकाकू म्हणाल्या, उखाणा घेतल्याशिवाय सोडायची नाही. सुलभा सारखी घड्याळाकडे बघत होती. "घेते हो, पण आधी सिनेमा लावा ना!" "लावू गं, पळून जातोय का तो?" सगळे हसले. प्रेमच होतं ते, दुसरं काय! त्या प्रेमानेच घात केला.

पहिलं रीळ लागलं. ते संपल्यावर विनय दुसरं लावणार, तर बटाटेवडे गार होतील म्हणून चहा झाला. मग दुसरं लागलं. पडद्यावरची पोर फाटकाचे गज धरून उभी राहिली, बाई वळणावर दिसेनाशी झाली, आणि डॅनेटने सुलभाची शाल मुठीत धरली. पडदा पांढरा झाला. विनयने मला डब्यातून काढलं. माझं टोक त्याच्या बोटांत होतं. प्रोजेक्टरचा दिवा तापलेला, त्याची ऊब मला लागत होती. आता, आता लागणार मी!

तेवढ्यात हॉलमधले सगळे दिवे लागले. शाळेचा कस्टोडियन, म्हणजे कुलूपकिल्ली सांभाळणारा शिपाई, किल्ल्या घेऊन दारात उभा होता. भाड्याची वेळ संपली होती.

"विनय, गुंडाळ रे," नंदूकाका म्हणाले. "पुढच्या वेळी हॉल मिळायला हवा ना आपल्याला."

"काका, थोडंच राहिलंय हो! हिच्यासाठीच तर लावलाय मी सिनेमा."

"अगं, शेवट गोड आहे ना? मग सांगून टाक तिला. एवढ्याशा पोरीला काय कळतंय!"

विनय म्हणाला, "यार, रविवारी चर्चमध्ये येऊन दाखवलं असतं, पण तुम्ही तर शनिवारीच निघताय." आणि त्याने मला डब्यात ठेवलं.

सुलभा गुडघ्यांवर बसली. "शी कम्स बॅक, डॅनेट. प्रॉमिस."

"नो," पोर म्हणाली. "शी वेन्ट. आय सॉ."

रडली नाही. शाल सोडली आणि जाऊन स्वतःचा कोट घालू लागली. सरलाकाकूंनी तिच्या हातात फॉइलमध्ये बांधलेले वडे दिले.

सुलभा त्या उन्हाळ्यात आली नाही. दिगंबररावांची नोकरी नवी, रजा मिळेना. पुढच्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या. ती चर्चमध्ये फोन करायची, डॅनेट फोनवर यायची नाही. आणखी काही वर्षांनी सुलभा एकदाची आली, तेव्हा तळघराला कुलूप होतं. डॅनेटच्या घरात दुसरेच लोक. त्या दोघी मायलेकी कुठे गेल्या, गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे तिने मालिनीला काउंटरवर उभं राहून सांगितलं. मालिनीची पीएच.डी. अजून चालूच होती. लायब्ररीने तेव्हा व्हिडिओ कॅसेट घेतल्या होत्या आणि आमची जुनी रिळं टाकून द्यायला काढली होती.

"तिन्ही न्या, सुलभाताई."

"नको गं. तेवढं तिसरं दे."

भावंडांचा निरोप घ्यायलाही मिळाला नाही.

आता मी शुगर लँडला एका कपाटात आहे, गाद्यांखाली. इथली दमट हवा मला बाधलीय. अंगाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि वेटोळी एकमेकांना चिकटायला लागलीत. दिगंबरराव म्हणतात, "व्हीसीआरवर लागत नाही ते, टाकून दे की." ती म्हणते, "राहू द्या हो."

कधीतरी घरात कुणी नसलं की ती डबा उघडते. हातभर फिल्म सोडते आणि खिडकीच्या उजेडात धरते. माझी सुरुवात तिथूनच आहे. बाई परतीच्या गाडीत बसलीय, मांडीवर गाठोडं, नजर बाहेर. सुलभा एकेक चित्र बघते. मग ती मला परत गुंडाळते. त्यापुढे ती कधीच जात नाही.

अगं बाई, अजून थोडी सोड ना मला! ती पोर माझ्या अगदी पोटाशी आहे, फाटकाच्या पायरीवर बसलेली. वेटोळी पुरती चिकटली, की मग ही गाडी तिच्यापर्यंत कधीच पोचायची नाही.