बर्फातली बाटली

दाजींनी टोच्याने बर्फाची लादी फोडली, तुकडे थर्माकोलच्या खोक्यात रचले आणि वर मूठभर जाडं मीठ भुरभुरलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं त्यांनी अशीच मासळी भरून मुंबईला पाठवली होती आणि त्यांच्या हातच्या सुरमईला एकदाही कुणी नाक मुरडलं नव्हतं. आज खोक्यात सुरमई नव्हती. बायकोच्या, यशोदेच्या, इन्सुलिनची बाटली होती.

तौक्ते वादळाला नऊ दिवस झाले होते. विजेचे खांब अजून आडवेच होते आणि घरातला फ्रीज कपाट म्हणून कामाला लागला होता. बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर तेवढा चालू होता.

"काकानू!" गेटाबाहेरून गावची आशा सेविका मेल्विनाने हाक मारली.

दाजींनी मास्क नाकावर ओढला.

"थयसूनच बोल. तू गावभर फिरतंस."

"फिरतंय म्हणान तर कोण जितो आसा, ता सरकाराक कळता."

मेल्विनाच्या हातात जुन्या आजारांच्या माणसांची यादी होती. या घरातली दोन नावं तिच्यात होती: यशोदा साखरेसाठी आणि दाजी छातीतल्या दोन स्प्रिंगांसाठी, म्हणजे स्टेंटसाठी. त्यांच्याइतकं सावध घर पंचक्रोशीत नव्हतं. करोना आल्यापासून सव्वा वर्ष इथे दुधाच्या पिशव्या साबणाने न्हात होत्या आणि नोटांना इस्त्री होत होती. सख्ख्या भाच्याच्या लग्नात दाजींनी व्हिडिओवरून अक्षता टाकल्या आणि त्या घरातच पडल्यामुळे नंतर स्वतःच झाडून काढल्या.

"खोकलो, ताप, काय नाय," दाजींनी न विचारताच सांगितलं. "लिही."

मेल्विना लिहीत नव्हती. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या यशोदेकडे बघत होती. यशोदेने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"काकी बारीक झालीत. साखर कधी तपासलास?"

"तपासूक मालवणाक जावचा लागता. थयसर हॉस्पिटलात काय फिरता, ता माका सांगू नको."

मेल्विनाने साखर बघायचं मशीन गेटाच्या खांबावर ठेवलं आणि ती चार पावलं मागे सरली. दाजींनी ते पुसून घेतलं, यशोदेच्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर लावला. आकडा आला चारशे अडुसष्ट. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा बघितलं.

"सुई चुकली काय?" मेल्विनाने विचारलं.

"एक दिवस चुकवलंय नाय. घड्याळ लावन देतंय."

"आणि लाईट नाय तर बाटली खंय ठेवतास?"

या प्रश्नाची जणू ते वाटच बघत होते. दाजींनी खोका उचलून आणला, झाकण काढलं आणि बर्फात हात घालून बाटली वर धरली. आतलं औषध पांढरं, घट्ट गोठलेलं होतं.

"अशी र्‍हवता. सकाळी मुठीत धरून विरघळवतंय, मगे भरतंय."

मेल्विना पुन्हा गेटाशी आली.

"काकानू, एकदा गोठला काय ता औषध फुकट गेला. तुमी नऊ दिवस नुसता पाणी टोचलास."

दाजींचा हात तसाच वर राहिला. बोटांवरून मिठाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"काकींका आत्ताच्या आत्ता मालवणाक न्हेवक व्हया," मेल्विना म्हणाली आणि तिने रिक्षावाल्या बाळाला फोन लावला.

रिक्षात बाळाच्या पाठीमागे प्लास्टिकचा पडदा होता. यशोदेच्या तोंडावर दोन मास्क होते. वरचा दाजींनी बांधला होता. वाटेत माड पडल्यामुळे रिक्षा रडतखडत चालली होती.

"तुका काय्येक कळला नाय गो?" दाजींनी खालच्या आवाजात विचारलं. "अंगात बरा वाटत नव्हता तर?"

यशोदा बाहेर बघत होती.

"दुसऱ्याच दिसाक कळला. विरघळल्यार साबुदाण्यासारखे कण दिसत. तहान पण लागाक लागली."

"मगे?"

"सांगलंय तर तुमी नवी बाटली हाडूक मालवणाक जातलास. त्या गर्दीत. छातीत दोन स्प्रिंगा घेवन." तिने दम घेतला. "म्हणान नाय सांगलंय."

पडद्यापलीकडे बाळाने हॉर्न वाजवला, रस्त्यावर समोर कुणी नसताना.

दवाखान्याच्या अंगणात चुन्याने वर्तुळं आखली होती. एकेका वर्तुळात एकेक माणूस उभा होता. बाळा स्ट्रेचर शोधायला आत गेला. यशोदेचे पाय लटपटायला लागले, तशी दाजींनी तिच्या कमरेला हात घातला आणि तिचं सगळं वजन आपल्या खांद्यावर घेतलं.

"आजोबा," दारावरचा माणूस नम्रपणे म्हणाला, "एका वर्तुळात एकच. तुम्ही मागच्या वर्तुळात उभे राहा."

"बरोबर आहे तुमचं," दाजी शुद्ध मराठीत म्हणाले. त्यांनी मागच्या रिकाम्या वर्तुळाकडे वळून बघितलं, मास्क नाकावर नीट दाबला आणि यशोदेभोवतीचा हात आणखी घट्ट केला.